मिठाच्या खात्यातला साहेब

परवा मावशीकडे उरणला जाणं झालं. लहानपणी उरण म्हटलं की भाऊचा धक्का, मोऱ्याची लाँच आणि लाँचमध्ये मळमळू नये म्हणून आईनं हातात कोंबलेलं लिंबू. आता १२ जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, आणि त्याच दिवशी उद्घाटन झालेला अटल सेतू शिवडीहून खाडी ओलांडून न्हावा-शेव्याला उतरतो. लिंबाची गरज संपली :)

गाडीच्या खिडकीतून बघत होतो. कंटेनरच्या थप्प्या, ट्रकांच्या रांगा, भरावाची लाल माती, आणि मध्येच अचानक पाण्याचा एखादा चपटा तुकडा. त्यात लांब लाल पायांचे शेकाटे उभे. बंदराच्या एवढ्या गोंगाटात हे प्राणी असे निवांत उभे असतात की त्यांना कुणी काही सांगितलंच नसावं असं वाटतं.

संध्याकाळी काकांना (मावशीचे यजमान, जन्म उरणचाच) म्हटलं, "काका, पक्षी बरेच दिसले." काका म्हणाले, "हे कसले बरेच? इथे नुसती मिठागरं होती. तेव्हा बघायचं होतंस."

मिठागर हा शब्द ऐकला आणि मला एक साहेब आठवला. आजचा विषय तोच.

साहेबाचं नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. जन्म १८५१, साताऱ्याचा. बाप स्कॉटिश मिशनरी. शिक्षण मुंबई विद्यापीठात, काही वर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलं, आणि १८७६ मध्ये मुंबई सरकारच्या 'कस्टम्स अँड सॉल्ट' खात्यात चिकटला. सरकारी नोकरी, म्हणजे बदल्या आल्याच. त्याच्या मुक्कामांची यादी अशी: कच्छच्या रणाजवळचं खाराघोडा, आपलं उरण, कारवारकडचा मुलूख आणि गोव्याची सरहद्द, रत्नागिरी, मुंबई. मीठ जिथे पिकतं किंवा चोरून नेलं जातं, तिथे हा माणूस.

आता मिठाच्या खात्यातल्या अधिकाऱ्याचं काम काय? मिठागरांवर देखरेख आणि कराची वसुली. संध्याकाळी करायला काही नाही. क्लब नाही, नाटक नाही. मग माणूस काय करतो? कोणी पितो (उरणला त्याचीही सोय उत्तम होती, मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी हे गाव तेव्हा प्रसिद्ध होतं). एटकिन मात्र घरातल्या पाली, बेडूक, कावळे, मुंग्या यांच्याकडे बघत बसला आणि त्यांच्यावर लिहू लागला. १८८३ मध्ये त्याचं 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक आलं. 'ई.एच.ए.' या सहीनं तो लिहायचा. पुढे गोव्याच्या सरहद्दीवर त्याला सापडलेल्या डासाच्या एका जातीला त्याचंच नाव दिलं गेलं. डासाला आपलं नाव मिळणं हा बहुमान की सूड, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

पण मला एटकिन महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्या कारणासाठी. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये (आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय) आठ माणसं जमली आणि त्यांनी ठरवलं, आपण महिन्यातून एकदा भेटायचं, कुणाला काय दिसलं ते सांगायचं, काही नमुना मिळाला तर दाखवायचा. बस. एवढाच अजेंडा. ही बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, आपण जिला बीएनएचएस म्हणतो ती. एटकिन तिचा पहिला मानद सचिव.

या आठांत दोघे आपले होते, हे मला फार उशिरा कळलं. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर. प्रार्थना समाजाचे संस्थापक, मुंबईचे एकेकाळचे शेरीफ, आणि मराठी व्याकरणवाले दादोबा पांडुरंग यांचे भाऊ. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे अभ्यासक, आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. म्हणजे धर्मसुधारणा, स्त्रियांचा प्रश्न, औषधी झाडं आणि फुलपाखरं हे सगळं तेव्हा चारसहा माणसांच्या एकाच वर्तुळात फिरत होतं. आपल्याकडे आज 'तो सायन्सवाला, हा समाजसुधारणेवाला' असे कप्पे पडलेत. त्यांच्याकडे नव्हते.

जानेवारी १८८४ मध्ये सोसायटीला जागा मिळाली ती फोर्ब्स स्ट्रीटवरच्या एका दारूच्या व्यापाऱ्याकडे! हर्बर्ट फिप्सन हा वाइनचा धंदा करणारा गृहस्थ. त्यानं आपल्या पेढीतली जागा दिली, आणि पुढे वीसेक वर्षं सोसायटी त्यानंच चालवली. आपल्याकडचे स्टार्टअप गॅरेजमध्ये सुरू झाल्याच्या गोष्टी आपण कौतुकानं सांगतो. हे त्यापेक्षा भारी आहे.

इथपर्यंत ही हौशी लोकांची गोष्ट झाली. खरी मेख पुढे आहे. जानेवारी १८८६ मध्ये सोसायटीनं जर्नल काढलं. संपादक एटकिन आणि स्टर्नडेल. ते जर्नल अजून चालू आहे.

जर्नल कशाला लागतं? भेटून बोलणं पुरत नाही का? याचं उत्तर शोधायला थोडं मागे, लंडनला जावं लागतं. रॉयल सोसायटी १६६० ची. तिचा सचिव हेन्री ओल्डेनबर्ग हा पत्रव्यवहारातला राक्षस होता. युरोपभरच्या विद्वानांना पत्रं लिहायची, त्यांची उत्तरं सभेत वाचायची, याचं पत्र त्याला, त्याचं याला. (परदेशी लोकांशी एवढा कसला पत्रव्यवहार, म्हणून १६६७ मध्ये त्याला काही काळ टॉवरच्या तुरुंगात टाकलं होतं. नेटवर्किंगची किंमत!) मार्च १६६५ मध्ये त्यानं यातूनच 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' छापायला सुरुवात केली. म्हणजे आधी माणसांचं जाळं, मग छापखाना. छापल्यामुळे दोन गोष्टी झाल्या. कुणी काय आधी पाहिलं याची तारीख नोंदली गेली. आणि जो त्या खोलीत नव्हता, त्यालाही ते तपासता आलं, खोडून काढता आलं.

मुंबईच्या जर्नलमध्ये मला सगळ्यात आवडतो तो मागचा भाग, किरकोळ टिपणांचा. पुढे मोठे लेख, शास्त्रीय वर्णनं, जाडजूड मामला. मागे मात्र कुणी फॉरेस्ट अधिकारी, कुणी चहामळ्याचा मॅनेजर, कुणी रेल्वेचा इंजिनियर चार ओळी लिहितो: अमुक तारखेला अमुक ठिकाणी हा साप दिसला, एवढा लांब होता, हे खात होता. एवढंच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटावं. हा इश्यू ट्रॅकर आहे! एकट्या नोंदीला फारशी किंमत नाही. पण तारीख, ठिकाण आणि नाव असलेल्या हजारो नोंदी शंभर वर्षं एका जागी साठल्या की त्यातून जे दिसतं ते कुठल्याही एका विद्वानाला दिसलं नसतं. आणि हे सगळं पोस्टाच्या जोरावर. जर्नलचे जुने खंड आता स्कॅन होऊन बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतात. एखाद्या रविवारी चाळून बघा, वेळ कसा जातो कळत नाही.

या मागच्या दारानं कोण कोण आत आलं बघा. १९३० मध्ये एक चौतिशीतला माणूस जर्मनीहून शिकून परत आला तर त्याची म्युझियममधली नोकरी गेलेली. पैसे नाहीत म्हणून पदच रद्द. मुंबईत राहणं परवडेना, म्हणून तो बायकोसोबत किहीमला राहायला गेला. उरणकरांना किहीम सांगायला नको. करंज्याहून होडीनं रेवस, तिथून पुढे थोडंसं. तिथे घराजवळ सुगरणींची घरटी होती. हा रोज जाऊन बसायचा आणि लिहायचा. त्याला दिसलं की नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन पसंत करते, मग तो ते पुरं करतो आणि लगेच पुढचं बांधायला घेतो, पुढच्या मादीसाठी. १९३१ मध्ये हे जर्नलमध्ये आलं. माणूस अर्थातच सलीम अली. बेकार माणसाच्या निरीक्षणाला छापायला जागा होती, म्हणून आपल्याला सलीम अली मिळाले, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

बरं, पण छापून काय होतं? पेपर छापला की जग बदलतं असं आपल्याला कॉलेजात वाटतं. नोकरीला लागल्यावर कळतं की डॉक्युमेंट कोणी वाचत नाही. सोसायटीला हे लवकर कळलं असावं. तिच्या लोकांनी कायदे करणाऱ्यांच्या खोलीत शिरायला सुरुवात केली. स्टॅन्ली प्रेटर हे सोसायटीचे क्युरेटर, 'द बुक ऑफ इंडियन अॅनिमल्स' चे लेखक, आणि तेच भारताच्या घटना समितीचे सदस्यही होते. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षण कायदा झाला त्याच्या मसुद्यात हुमायून अब्दुलअलींचा मोठा हात होता. बेडकांच्या पायांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली, त्यासाठीही ते वर्षानुवर्षं भांडत होते. मुद्दा भूतदयेचा नव्हता. बेडूक गेले की शेतातली कीड कोण खाणार, असा रोकडा हिशेब होता.

या सगळ्यात नमुना म्हणावं असं उदाहरण गिधाडांचं. नव्वदच्या दशकात सोसायटीचे विभू प्रकाश भरतपूरला गिधाडं मोजत होते आणि आकडे कोसळताना दिसत होते. १९९९ मध्ये त्यांनी ते जर्नलमध्ये छापलं. का मरतायत, माहीत नाही. पण मरतायत हे नक्की, हे घ्या आकडे. मग जगभरचे लोक कामाला लागले. कारण सापडलं पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून, २००४ मध्ये: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. २००६ मध्ये भारतात गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. म्हणजे नोंद, प्रकाशन, जाळं, धोरण ही सगळी साखळी नीट चालली, तरीही एवढा उशीर झाला. साखळीतली एखादी कडी नसती तर उरलेलीही गेली असती.

आणि हीच साखळी आता उरणच्या दारात येऊन उभी आहे.

ठाण्याच्या खाडीत ओहोटीला चिखलाचे मोठमोठे पट्टे उघडे पडतात. रोहित, तुतवार, चिखले असे हजारो पक्षी तिथे चरतात. भरती आली की हा चिखल पाण्याखाली जातो. मग हे पक्षी सहा तास कुठे बसणार? त्यांना जवळच उथळ पाण्याची, मोकळी, न बुडणारी जागा लागते. पाणजे, भेंडखळ, बेलपाडा या उरणच्या पाणथळ जागा म्हणजे पक्ष्यांची वेटिंग रूम. वेटिंग रूम बंद केली तर प्लॅटफॉर्म कितीही लांब ठेवा, उपयोग नाही. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर स्थळही झालं. छान झालं. पण वेटिंग रूम त्या रेषेच्या बाहेर आहे.

बीएनएचएसनं नवी मुंबई विमानतळाच्या संदर्भात इथल्या पक्ष्यांचा अभ्यास केला तेव्हा एक मुद्दा मांडला, जो मला फार हुशारीचा वाटतो. या पाणथळ जागा राखा, नाहीतर भरतीच्या वेळी हे पक्षी दुसरी मोकळी जागा शोधतील, आणि सगळ्यात मोठी मोकळी जागा असेल विमानतळ. पक्ष्यांवर दया करा असं म्हणायचं नाही. तुमच्याच विमानाच्या इंजिनाचा विचार करा म्हणायचं. बेडकांच्या वेळचीच युक्ती.

पण मग २०१७ चे पाणथळ जागांचे नियम वाचा. पाणथळ जागा म्हणजे काय याच्या व्याख्येतून काही गोष्टी वगळल्यात: भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली तळी, आणि मीठ उत्पादनासाठी बांधलेली रचना. म्हणजे मिठागरं! ज्या खात्याच्या नोकरीनं एटकिनला या किनाऱ्यावर आणलं, त्याच्या मिठागरात पाणी आहे, चिखल आहे, पक्षी आहेत, पण ती कागदावर 'पाणथळ' नाहीत. व्याख्येतलं एक वाक्य. आम्ही प्रोग्रामर लोक एका चुकीच्या कंडिशनमुळे रात्र जागवतो. इथे एका कंडिशननं अख्ख्या किनाऱ्याचा निकाल लागतो. म्हणून शास्त्रीय संस्थांनी जर्नल छापून घरी न जाता, नियमांचा मसुदा निघतो तेव्हा हरकती-सूचनांच्या मुदतीत जागं असणं महत्त्वाचं. व्याख्या एकदा गॅझेटमध्ये गेली की मग कोर्ट.

हे सगळं मी जेवताना काकांना उत्साहानं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या जमिनी गेल्या तेव्हा कुठे होती तुझी सोसायटी?"

मला घास गिळवेना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९७० मध्ये सिडको आली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. उरण तालुक्यातली गावंही त्यात. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला मोठं आंदोलन झालं, गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना पुढे त्यातून आली. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. मच्छीमारांची खाडी गेली ती वेगळीच. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं इथल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, म्हणजे नुकसान झालं हे मान्य व्हायलाच पाव शतक लागलं.

काकांच्या प्रश्नाला माझ्याकडे खरं उत्तर नाही. पक्ष्यांची सोसायटी ती, पक्षी मोजणार, असं म्हणून सुटता येतं. पण प्रश्न त्याहून खोल आहे. शेकाट्याची नोंद आहे. तारखेसकट आहे, १८८६ पासून ती ठेवायला जागा आहे. खाडीत कुठल्या महिन्यात कुठली मासळी लागायची, कुठल्या बांधाची उघाडी कधी उघडायची, याची नोंद कुणाच्या जर्नलमध्ये आहे? ती आगरी-कोळ्यांच्या डोक्यात होती. लवादापुढे किंवा कोर्टापुढे डोक्यातली नोंद चालत नाही. जर्नल इंग्रजीत, नियम इंग्रजीत, अहवाल इंग्रजीत. आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन त्या पहिल्या खोलीत होते, पण भाषा त्या खोलीत शिरली नाही. मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोश' करताना पक्ष्यांची लोकांच्या तोंडातली नावं गोळा केली, ती एकट्या माणसाची आयुष्यभराची मजुरी होती. हे काम खरं तर संस्थांचं.

आज जाळं पोस्टाचं राहिलेलं नाही. ईबर्डवर कुणीही खात्यात नाव घालून पक्ष्यांची यादी टाकू शकतो. मीही टाकतो. एकदा उत्साहात मी पन्नासच्या जागी पाचशे तुतवार टाकले, तर दुसऱ्या दिवशी तपासनीसाची नम्र विचारणा: एवढे नक्की होते का? म्हणजे संपादक अजून जिवंत आहे, फक्त फिप्सनच्या पेढीवर बसत नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' चा २०२३ चा अहवाल अशाच नोंदींवर उभा आहे: ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षक, सुमारे ३ कोटी नोंदी, ९४२ जाती. १३ संस्था एकत्र आल्या, बीएनएचएस त्यांतली एक. एटकिनला हे आकडे सांगितले असते तर त्यानं त्यावर नक्की काहीतरी खवचट लिहिलं असतं.

पण नोंदी म्हणजे धोरण नव्हे. लाइक म्हणजे सभासदत्वही नव्हे. रोहितांच्या गुलाबी थव्यांचे फोटो दर हिवाळ्यात आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये फिरतात. मसुद्यावर हरकत नोंदवायची मुदत मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. संस्थेचं काम तिथे सुरू होतं: फोटोवरून नोंद, नोंदीवरून लेख, लेखावरून हरकत, आणि हरकत फेटाळली तर पुढच्या वर्षी पुन्हा नोंद. कंटाळवाणं आहे. सोसायटीनं ते एकशेचाळीस वर्षं केलंय, हेच तिचं मोठेपण. ज्यांच्या दारात ही पाणथळ आहे त्यांची नोंद त्यात उशिरा आणि कमी आली, हे तिचं आणि आपल्या सगळ्यांचं उणेपण.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना घेऊन बसलो. फोनवर पाणजे परिसराचा सॅटेलाइट नकाशा उघडला. काकांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून सांगायला लागले: पाणी इकडून यायचं, उधाणाला इथपर्यंत, भांगाला इथेच थांबायचं, इथे उघाडी होती, हा भराव नंतरचा. मी वहीत लिहीत गेलो. साल विचारलं की ते अडखळायचे, मग आतून मावशी ओरडायची, "अहो, ताईच्या लग्नाच्या वर्षी!" ताईचं लग्न १९९१. लिहिलं.

चार पानं झाली. कुणाला उपयोगी पडतील माहीत नाही. निघताना काका म्हणाले, "हे असं नकाशावर कळत नाय. अमावास्येला ये, उधाण दाखवतो."

जाणार आहे.